तूट

बुधवारचा जुना बाजार.
दस्तगीर अत्तारांनी नटबोल्टांच्या डब्यातून
एक रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला.
आपला नव्हे. कैसरचा.
शिरस्त्राणावर गरुड, मिशीला पीळ,
मागे पानांच्या वेढ्यात एकचा आकडा,
१९०५, आणि खाली बारीकसा जे: हॅम्बुर्गची टांकसाळ.
आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जर्मनांनाही
रुपयाच पाडावा लागला;
तिथले कच्छी दुकानदार दुसरं काही ओळखेनात.

"टाका मारलाय मॅडम, म्हणून चांदीच्या भावात."

गरुडाच्या बरोब्बर डोक्यावर
डाग दिल्याची गाठ. कडी केव्हाच तुटलेली.

घरी माझ्याकडे त्याच टांकसाळीचे
तीन मार्क आहेत, पाच मार्क आहेत,
हॅम्बुर्गचे तीन बुरूज, दोन बाजूंना सिंह,
प्लास्टिकच्या खिडकीत, कुणाचंही बोट न लागलेले.
सोनल हॉलच्या प्रदर्शनात लोक त्यांच्यावर वाकतात.
या रुपयावर बोर्जेस सरांनी भिंग धरलं
आणि लगेच खाली ठेवलं.
"गळ्यातला. बाद."

चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात होते.
मंडईत, भुसार बाजारात, सराफांच्या पेढीवर
काटे धरले. पारड्याखालची चिंच, मेण, चुंबक,
सगळं पकडलं.
निवृत्तीनंतर एक काटा स्वतःसाठी घेतला,
मिलिग्रॅमपर्यंतचा, काचेच्या पेटीतला.
पंखा बंद केला. श्वास धरला.

प्रमाण: अकरा पूर्णांक सहासष्ट.
प्रत्यक्ष: अकरा एकवीस.
डागाचं वजन वरचं, म्हणजे तूट
साडेचारशे मिलिग्रॅमहून जास्तच.

कैसरचं नाक सपाट आहे.
मिशी आहे की नाही ते सांगावं लागतं.
मागचा जे मात्र धारदार, काल पाडल्यासारखा.
म्हणजे मागची बाजू बाहेर होती
आणि सम्राट आत, तोंडानं,
कुण्या बाईच्या गळ्याच्या खळग्याला घासत:
दळताना, हंडा उतरवताना,
कूस बदलताना, तापात.
किती वर्षं लागतात
अर्धा ग्रॅम चांदी कातड्यानं न्यायला,
याचा तक्ता आमच्या खात्यात नव्हता.

अत्तारांना फोन केला.
कुठून आला?
"खडकीच्या भंगारातनं, भांड्यांच्या गोणीत."
कुणाचा?
"मोडीला नाव कोण विचारतंय मॅडम."

जुनी नोंदवही काढली, खात्याची, कोरी राहिलेली.
प्रमाण, प्रत्यक्ष, तूट लिहिली.
'कारण'च्या रकान्यात पेन्सिल टेकवली
आणि ती तिथंच राहिली;
एक ठिपका उमटला फक्त.

बोर्जेस सर म्हणतात, लिंबानं घास, उजळेल.
मी घासणार नाही.
कडेच्या खाचांत काळं साचलंय,
ते काट्यानं
अकरा एकवीसमध्ये धरलंय.