लेंड्या, लीद, शेण

पहाटे काळ्या उम्फोलोझीच्या काठावर
मी कागदी पिशव्यांवर पेन्सिलीने लिहिते:
तारीख, प्राणी, किती ताजे.
ताजे म्हणजे बोट घातल्यावर कोमट.
पहिल्या महिन्यात ओकारी यायची.
आता भाकरीआधी हात धुतले की झाले.

हत्ती दिवसभर खातो,
पण निम्मेसुद्धा पचवत नाही.
त्याची लीद फोडली की आत
चरकातून निघालेला चोथा,
साल, काटक्या, मरुलाची अख्खी बी.
एवढ्या मोठ्या पोटाला निवडून खाणे परवडत नाही.
मिळेल ते आत, आणि पुढे ढकल.

ड्युकर मात्र चोखंदळ.
एक कोंब इथला, एक फूल तिथले,
आणि मागे काळ्या मिऱ्यांएवढ्या लेंड्या.
भट्टीत वाळवून दळल्या की मशीन सांगते,
वजनास वजन, नत्र
हत्तीच्या टोपलीभर लिदीपेक्षा
कितीतरी जास्त.
मी आईला हे सांगितले.
ती अंगण सारवत होती.
म्हणाली, "मिऱ्यांनी अंगण सारवता येते का?"

पांढऱ्या गेंड्याचे शेण मऊ, गवताच्या भुश्याचे.
काळ्याच्यात फांद्यांचे तुकडे,
माळ्याच्या कात्रीने तिरके कापल्यासारखे.
एक गवतावर जगतो, एक काटेरी झुडपांवर.
झुडपाचा तुरटपणा नत्राला घट्ट धरून बसतो,
पोटाने कितीही मागितले तरी सोडत नाही,
तसाच मागच्या दाराने बाहेर येतो.
हे आनेकेने शिकवले.
बाबा म्याका ऐकत होते. ते म्हणाले,
"माझा एक मेहुणा असाच होता."

स्फुरदाचे गणित वेगळे.
ते हाडांत जाते, शिंगांत जाते,
गाभण मादी आधी आपला वाटा काढून घेते,
उरले तर शेणात.
म्हणून एकशे बारावा नमुना आला
तेव्हा आनेकेने काटा तपासला,
मग भट्टी तपासली,
मग माझ्याकडे पाहिले.
इम्पालाच्या साध्या लेंड्या होत्या.
इतके स्फुरद आले कुठून?
पुन्हा दळल्या. तेच.

जागा मला आठवत होती.
उतारावर आखूड गवताचे एक वर्तुळ,
भोवती काटेरी रान, आत एकही झाड नाही.
दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो.
इम्पाला उठून जरा लांब उभे राहिले.

बाबा म्याकांनी टोपी काढली.
वर्तुळाच्या खालच्या बाजूने चालत गेले,
पावले मोजत, ओठ हलवत,
एका जागी थांबले. "इथे दार होते."
मग वर हात केला, "झोपड्या तिकडे.
आणि ही आमची गुरे बसायची जागा."
त्यांनी गुरांचे रंग सांगायला सुरुवात केली,
चंडोलाच्या अंड्यांसारखी ठिपक्यांची एक,
पोटाखाली पांढरी दुसरी,
तिला मारकी म्हणून बांधत.
ते तेव्हा सहा वर्षांचे होते.
ट्रक आले त्या दिवशी
गुरे मोजून घेतली, माणसे नाही.

आनेकेची पेन्सिल थांबली होती.
किती वर्षे झाली, तिने विचारले.
ते म्हणाले, "गवताला विचार."

पिढ्यान्‌पिढ्यांचे शेण खाली मुरलेले,
त्यावर गोड गवत,
गोड गवताला इम्पाला,
इम्पाला तिथेच हगतात,
आणि परत गवत.
कुंपण कुजले, माणसे नदीपार गेली,
वर्तुळ तसेच चरले जाते आहे.

गोठ्याच्या वरच्या अंगाला, दगडांपाशी,
ते बराच वेळ पाठमोरे उभे होते.
आमच्यात घरधन्याला गुरांजवळच पुरतात,
हे मी आनेकेला सांगितले नाही.
तिने विचारलेही नाही.

निघताना मी पिशवी उघडली,
एकशे तेरा लिहिले.
बाबा म्याका वाकले, चार लेंड्या उचलल्या,
तळहातावर फिरवून पाहिल्या,
आणि माझ्या पिशवीत न टाकता
कोटाच्या खिशात ठेवल्या.
"ही नको मोजू," म्हणाले.

वहीत त्या ओळीपुढे
तारीख आहे, प्राणी आहे,
किती ताजे, तेही आहे.
बाकीचे रकाने रिकामे.