अक्षरामागे पैसे

एनुगूच्या ओग्बेते बाजारात ओबिआजुलूचं दुकान.
दारावरच्या पाट्या, शाळेचे चषक, थडग्यांवरची नावं.
दर अक्षरामागे.

आज अबुजाहून साहेब आले.
सन्मान आहे, म्हणाले, मरणोत्तर. त्याचा.
नाव घेतलं नाही.
इथे घ्यावं लागत नाही.

मजकूर लिहून आणला होता:
राष्ट्राच्या सेवेबद्दल.
ओबिआजुलूनं चष्मा पुसला.
"कोणत्या?"
"अक्षरं मोज, म्हातारबा."

तो मोजू लागला.
मध्येच आकडा चुकला, कारण
नाकेबंदीच्या दुसऱ्या वर्षी आईनं
लग्नातलं वस्त्र देऊन मूठभर मीठ आणलं होतं
आणि धाकटी न्काची
खारट बोट तोंडात धरून झोपली
ती झोपलीच.

तो विमानानं निघून गेला त्या रात्री
आईनं शिव्या घातल्या, त्याच्या सात पिढ्यांना.
आणि चाळीस वर्षांनी त्याची शवपेटी आली
तेव्हा हीच बाई काठी टेकत
हमरस्त्यापर्यंत गेली, उन्हात उभी राहिली.
"मिठाला जागायला नको?" म्हणाली.

कुणाच्या मिठाला, आई?
मीठ होतंच कुठे.

पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
नावाच्या अक्षरांचे पैसे लावले नाहीत.
बाकी सगळ्यांचे लावले,
'राष्ट्र'चे तर दुप्पट, खोल कोरावं लागेल म्हणून.

आणि रोख. आगाऊ.
युद्ध संपल्यावर बँकेनं
बापाच्या आयुष्यभराच्या पुंजीपोटी
वीस पाउंड हातावर ठेवले होते,
तेव्हापासून सरकारी कामाचे
तो आगाऊच घेतो.