अठरा मिनिटं

बोगदा खुला व्हायला एकवीस दिवस उरलेत.
मी बोगद्याच्याच बाजूनं हात वर केला होता,
हे आधी सांगते.
ज्या रात्री आईच्या छातीत कळ आली
त्या रात्री वाऱ्यानं बोट सुटू दिली नव्हती,
आणि पलीकडच्या बंदरातले दवाखान्याचे दिवे
आम्हाला स्वयंपाकघरातून मोजता येत होते.
सात होते.

तेव्हा या बोटीच्या गळ्यात पडून रडा
असं मला कुणी सांगू नये.
सव्वीस वर्षं तिकिटं फाडलीत मी हिच्यावर.
फॅरोच्या नकाशात आमचं बेट शोधायला चष्मा लागतो,
आणि त्या बेटावरून निघून पलीकडे टेकायला अठरा मिनिटं,
लाट तिरकी असली तर पंचवीस.
स्वेटरातला डिझेलचा वास धुऊन जात नाही.
नवरा म्हणायचा, तू घरी येतेस ती इंजिनासकट.

पण परवा,
सहा पन्नासच्या फेरीला,
मार्यूननं कॉफीचा कप टेबलावर ठेवला
आणि इंजिनाच्या थरथरीनं कॉफीवर वर्तुळं उठली,
काठाकडून आत आत जाणारी,
मधोमध येऊन विरणारी.
हे मी हजारदा पाहिलं असेल.
म्हणजे पाहिलं नव्हतंच.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.
तिकीट अर्धं फाटतं आणि हात थांबतो.

रोग्वी, वय वर्षं नऊ, गणितं बोटीवरच उरकतो.
त्याचा प्रत्येक सात थोडा थरथरलेला.
पलीकडच्या बाई वही न उघडता
मुलं ओळखतात म्हणे, कोण बोटीवरचं, कोण घरचं.
वही उघडून, असं रोग्वी म्हणतो. मोठ्यांना नीट ऐकू येत नाही.

मागच्या डेकवर ट्रेलरमध्ये एक एडका,
उधारीवर चाललेला, लग्नाला चालल्यासारखा मुकाट.
त्याच्या शेजारी पाद्रीबाबा रविवारचं प्रवचन
वाऱ्याला म्हणून दाखवतात.
वारा पटलं नाही तर कागद नेतो.

आणि खिडकीखाली, हीटरपाशी, हानुस आणि याकुप.
अकरा वर्षांचा अबोला, कुरणाच्या हद्दीवरून,
एका मेंढीवरून, जी केव्हाच खाऊन झाली.
बोटीवर चालू हीटर एकच.
म्हणून दोघं एकाच बाकावर,
मध्ये एका माणसाची जागा सोडून,
आणि त्या जागेवर साखरेचा डबा.
हानुस दोन चमचे घेतो, झाकण न लावता सरकवतो.
याकुप एक घेतो. झाकण लावतो.
गेल्या मार्चमध्ये हानुस आठवडाभर आला नाही
तर याकुपनं झाकण आधी काढून ठेवलं होतं.
मी पाहिलं. बोलले नाही कुणाला.

बोगद्यात दोघांच्या गाड्या वेगळ्या असतील.
दोन्हींत हीटर असेल.
चांगलंच आहे.
चार मिनिटांत माणूस पलीकडे,
छातीत कळ आलेलं माणूससुद्धा, मध्यरात्रीसुद्धा.
याच्याविरुद्ध माझ्याकडे काय आहे?
साखरेचा एक डबा.

मार्यूनला विचारलं, तू काय करशील यानंतर?
म्हणाली, पाय दुखायचे थांबतील.
मग कप पुसता पुसता म्हणाली,
जमीन हलत नसली की मला झोप लागत नाही गं.

आज शेवटच्या फेरीनंतर,
गाड्या उतरल्या, एडका उतरला,
रोग्वी एक हातमोजा विसरून पळाला,
तेव्हा मी हीटरपाशी गेले
आणि डबा मांडीवर घेऊन त्या मधल्या जागेत बसले.
बाक दोन्ही बाजूंनी अजून कोमट होता.
खालून दोर बांधणारा ओरडला, उतरतेस ना?

म्हटलं, थांब.
अजून गार झालं नाही.