चौथं पातं

लिमलेटच्या गोळ्यांचा जुना डबा,
आत फलालीनमध्ये गुंडाळलेले एकतीस.
जवसाचं तेल लावू नये त्यांना,
ते वाळून बिजागरीत चिकटतं.
हे कळायला एक चाकू घालवला मी.

ढोरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो,
अठ्ठावीस वर्षं खुरं आणि जखमा.
पहिला चाकू एका शेळीपायी मिळाला,
म्हणजे शेळी वाचली, आणि मालकाकडे पैसे नव्हते.
मग लागलंच वेड.
रौफ भंगारवाला मंगळवारच्या बाजारात
पोत्याच्या कडेला माझ्यापुरता ढीग वेगळा ठेवायचा:
"डागदरसाब, आज चार पातेवाला आया."
डॉक्टर नव्हतो. पण चार पाती होती.

सांबरशिंगाची मूठ,
आतलं पितळ हिरवं पडलेलं.
पुसलं, तर तीन पात्यांच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं,
कुठल्याशा विलायती गावाचं नाव, निम्मं झिजलेलं.
चौथ्यावर काहीच नाही.
भिंगाखाली धरलं तेव्हा दिसली
मासोळी.
एवढीशी, तिरपी, शेपटीला फाटा.

माझ्या वहीत रकाने चार:
कुठं मिळाला, पाती किती, काय मोडलंय, कारागीर.
कारागीरच्या रकान्यात सहा वर्षं
पेन्सिलीनं काढलेला मासा.

परतवाड्याला गेलो, चांदूर बाजारला गेलो.
मोर्शीच्या गोमाजी लोहारानं उजेडात धरून पाहिलं,
"मासोयीवाले तं भोई. लोहार कायचे?"
एकानं चहा पाजला आणि विळा विकला.
एकानं विचारलं, सरकारी चौकशी आहे का.
शेवटी शेंदूरजन्याच्या रोपवाटिकेत
जंबेरीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे बांधत बसलेला म्हातारा
पातं नुसतं अंगठ्याला टेकवून म्हणाला:
"डोया काढाचं पातं हाये हे.
नाल्यापल्याड जा. कौतिकाबाईले पुसा."

कौतिकाबाई ओट्यावर बसलेली,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
भाता केव्हाच गेला. मुलगा वरुडला वेल्डिंग करतो.
मी भिंग काढलं, वही काढली,
मग लक्षात आलं, कुणाला दाखवतोय.
तिनं चाकू घेतला, कानाशी नेला,
एकेक पातं उघडून मिटू लागली.
खट्. "हे नोय."
खट्. "हे बी नोय."
तिसरं कुरकुरलं, त्याबद्दल ती बोललीच नाही.
चौथं मिटलं बसक्या आवाजात,
आतून कडी लागावी तसं.
"हे माहं. घड्याळाच्या कमानीचं हाये.
बुढा भात्यावर बसे, हातोडा माया हाती."

आणि ही मासोळी? मी विचारलं.
तिनं नख फिरवून पाहिलं. हसली.
"कायची मासोयी? छन्नी सटकली अशीन."
मग तुमची निशाणी कोणती?
"निशाणी कायले टाकाची?
जो नेते थो ओयखते."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं,
"काय कापता भौ यानं?"
एकतीस चाकू, आणि घरात कांदा चिरतो तो विळीवर.
मी काही बोललो नाही, तेवढ्यानं तिला कळलं.
पायरीवर पाणी शिंपडलं, पातं आडवं टेकवलं,
मी अहो, अहो म्हणेपर्यंत
जो काळपटपणा आम्ही जपतो, ज्याची किंमत सांगतो,
तो उतरला खसाखस
मासोळीच्या शेपटीसकट.
"पाहा आता."

पाहिलं. अंगठ्याला लगेच रक्त.

रात्री वही उघडली.
रबर सापडलं नाही, मासा तसाच राहिला.
शेजारी शाईनं लिहिलं: कौतिकाबाई.
आडनाव विचारायचं राहून गेलं.
"काय मोडलंय" च्या रकान्यात
अंगठ्याचा लाल डाग पडलाय, तो वाळतोय.

डब्यात आता तीस.
एक खिशात असतो, किल्ल्यांसोबत.