वही आमच्यापाशी राहील

दोनशे पानी आहे, निळ्या पुठ्ठ्याची,
जतच्या गुरुवारच्या बाजारातली.
पहिल्या पानावर कोयलीच्या पोरानं
अंडं काढून ठेवलंय. म्हणतो, सूर्य आहे.
तिथून पुढं सुरू होतात
वस्तीतल्या तोंडाच्या, छातीच्या, पिशवीच्या गाठी.

लिहिते मी. शाळा दहावीपर्यंत, अक्षर वाकडं.
झुंबरबाई आधी जवळ बसू द्यायची नाही.
"नाव लिवलं की गाडी येती," म्हणायची.
तिचा आजा दिवसातून तीनदा
पाटलाच्या ओट्यावर हजेरी द्यायचा.
लग्नाला जायचं तर दाखला,
मयताला जायचं तरी दाखला,
आणि गावात कुणाची कोंबडी हरवली
की उघडायचं तेच पुस्तक, तेच पान.
पारध्यांची पहिली वही ती.
आता कुठल्या कचेरीत धूळ खाते
आम्हाला कुणी दाखवली नाही.

मी म्हटलं, आज्जे,
ह्या वहीत तू गुन्हेगार नाहीस.
म्हणाली, "मग कोण हाय?"
मी पेनाचं टोपण चावत बसले.

मिरजेत तिचा गाल उघडून बघितला,
डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.
किती उशीर, ते त्यांच्या कागदावर नव्हतं.
वहीत आहे:
भादव्यात फोड.
दिवाळीला तिखट बंद.
संक्रांतीला तीळ चावता आला नाही.
शिमग्याला एसटी, कवठे महांकाळला बदलून,
भाडं तिघांचं,
कारण केसपेपरच्या खिडकीत आडनाव सांगितल्यावर
पिशवी तपासली होती मागच्या खेपेला.

मग पुण्याहून सोनटक्के सर आले.
माणूस चांगला. बिनसाखरेचा चहा प्यायले,
पोरांना टॅबला हात लावू दिला.
त्यांच्या फॉर्मात रकाना होता, व्यसन:
मिश्री, तंबाखू, मावा. खूण करा.

लखपत्याकाकानं विचारलं, "एवढंच?
द्राक्षाच्या बागेत आमच्या बाया
औषधात घड बुडवत्यात, हात कोपरापर्यंत भिजलेलं,
त्याच बोटानं मिश्री लावत्यात.
ह्याची खूण कुठं करायची?"
सर म्हणाले, त्यानंच होतं असं सिद्ध नाही.
"आमी कुठं सिद्ध म्हणतोय?
लिवा म्हणतोय.
लिवलंच न्हाई तर सिद्ध कवा हुयाचं?"

त्या रात्री वस्ती लिंबाखाली बसली.
गाठी छातीच्या आणि पिशवीच्या,
म्हणून पंचांच्या जागी पुढं आम्ही बसलो,
पंच मागं, तंबाखू मळत, जरा रुसलेले.
ठरलं ते असं:
नावं वस्तीत राहतील, पत्र्याच्या पेटीत,
पुण्याला जातील फक्त आकडे.
काय कळलं ते छापायच्या आधी
इथं येऊन वाचून दाखवायचं, आमच्या बोलीत.
ज्याला नको वाटेल
त्यानं आपलं पान फाडून न्यावं, कारण विचारायचं नाही.
म्हातारे म्हणाले, शपथ घ्या.
पोरी म्हणाल्या, सही घ्या.
दोन्ही घेतलं.
सरांनी फॉर्मात एक रकाना वाढवला. फवारणी.

सुरमिलीचा फोड तिसऱ्या आठवड्यात पकडला.
ती हसते आता, मोठ्यानं, उगाचच.
झुंबरबाईचं तसं झालं नाही.
जबडा काढला, बोलणं गेलं.
पुण्यात ती सात नंबर आहे.

काल तिच्या पानावर नवा रकाना भरत होते.
"आज्जे, फवारणीच्या बागेत किती वर्षं?"
मीच हिशोब करून लिहिलं, अकरा.
तिनं मान हलवली.
वही ओढून घेतली,
आकड्यावर बोट आपटलं,
मग दोन्ही पंजे दाखवले, आणि वर दोन बोटं.
बारा.
मी खोडलं, बारा लिहिलं.
खोडलेलं अकरा दिसतंय अजून खाली.
तिनं ते पुसू दिलं नाही.