झडती

आईचं नाव द्वारका.
आपल्या नावाचा चौक आहे शहरात,
हे ती प्रत्येक रिक्षावाल्याला सांगायची
आणि भाडं पाच रुपयांनी कमी करून घ्यायची.
तिथलाच सिग्नल तिने लुनावरून तोडला एकदा.
हवालदार म्हणाला, बाई, नाव?
"मागे पाटीवर लिहिलंय."
पावती फाडलीच त्याने.
ती फ्रेम करून लावायची म्हणत होती;
अण्णा नको म्हणाले,
मग गॅसच्या पुस्तकात ठेवली. अजून आहे.

एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये.
छापून आलेल्या तावांवरून नजर फिरवायची,
सदोष तेवढे बाजूला काढायचे:
कुठे आकडा तिरपा, कुठे शाई सांडलेली.
दिवसभर लाखो रुपये हाताखालून
आणि संध्याकाळी भद्रकालीत
मेथीच्या जुडीसाठी आठ आण्यांवरून
घसा बसेपर्यंत भांडण.
सुटताना गेटवर झडती.
डबा उघडा, पदर झटका, चपला उलट्या करा.
अपमान नाही वाटत? आम्ही विचारायचो.
"अगं, रोज सरकार तपासून सांगतं
की द्वारका तांबट प्रामाणिक आहे.
तुमच्या बापाला कोण सांगतं?"
अण्णांचा हंड्यावरचा ठोका चुकायचा हसून.

पूर आला की तिचं माप एकच.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला: चहा टाका.
कमरेला: धान्य माळ्यावर.
गळ्याला लागलं त्या वर्षी
आम्हा चौघींना, शिलाई मशीनला
आणि शेजारच्या मुक्या जनाआत्याला
तिने एका खेपेत चढावर नेलं.
मशीन कसं उचललं ते तिलाही सांगता आलं नाही.
पुढे सगळंच त्या मापाने.
अण्णांचं दुखणं "छातीपर्यंत आलंय".
माझा घटस्फोट?
"पायरी भिजलीय फक्त. ओसरेल."
ओसरलं.
तिचं नेहमीच बरोबर यायचं असं नाही.
धाकटीच्या बाबतीत ती चुकली, फार चुकली,
आणि ते तिने कधीच कबूल केलं नाही.
फक्त धाकटीच्या आवडीची शेवभाजी
तिने त्यानंतर घरात केली नाही.

निवृत्त झाली त्या रंगपंचमीला
तिवंध्याच्या रहाडीत उडी घेतली, नऊवारीसकट.
धप्पा असा बसला की काठावरची पोरं भिजली.
"साठ वर्षं काठावरून बघितलं," म्हणाली,
"किती बघायचं?"
कानामागचा पिवळा आठ दिवस गेला नाही.
घालवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

एक्याण्णवावं लागलं होतं.
दवाखान्यात शुद्ध यायची, जायची,
बोटं मात्र चालू.
चादरीची कड अंगठ्याने सरकवत
एकेक घडी मोजत होती.
मध्येच थांबायची,
एखादी बाजूला काढायची.
नर्स म्हणाली, वयाने होतात भास.
मी काही बोलले नाही.
मला पाहायचं होतं
कोणतं साल तिने बाजूला काढलं,
कोणत्या सालावर शाई सांडली होती.

रामकुंडावर गुरुजींनी पैशांचा विषयच काढला नाही.
"आजी दिवाळीआधी स्वतः येऊन ठरवून गेल्या.
निम्मे आगाऊ दिलेत.
उरलेले तुम्ही द्यायचे,
आणि मोजून घ्या म्हणाल्यात."
मी मोजले. ते हसले. मी पुन्हा मोजले.

अस्थी सोडल्या. ओले हात झटकले.
पायऱ्या चढून वर आले,
चपला सापडल्या,
आणि घालण्याआधी
त्या उलट्या करून पाहिल्या.