ढेपाजीचे एकूण अंक

बसा. पंखा हळू आहे, पण फिरतो.
नागपूरहून एवढंच विचारायला आलात?

एकतीस निघाले.
कव्हरावर बत्तीसपर्यंत आकडे दिसतील,
कारण सतराव्याच्या वेळी सातचा खिळा
जिनिंगच्या पावत्यांच्या चौकटीत अडकून होता.
बाबा म्हणाले, कायले थांबाचं, अठरा टाक.
तेव्हा सतरावा शोधू नका.
तो कोणाच्याच माळ्यावर नाही.

सुरुवात पेटीतून झाली.
आर्वीच्या जिनिंगला इटलीहून एक यंत्र आलं,
त्याच्या दातांभोवती रंगीत कागदाचे बोळे.
सुलेमान फिटरनं ते माझ्यासाठी आणले,
आईनं पाटाखाली दाबून सरळ केले.
आत एक गोल शिपाई, मिशा चौकटीबाहेर जाणाऱ्या,
आणि मागे मागे एक पांढरा पक्षी.
त्याचं खरं नाव तिथं लिहिलेलं असणार.
आमच्यात कोणाला ती भाषा येत नव्हती.
सरकीच्या ढेपेसारखा दिसतो म्हणून ढेपाजी.

परवानगी? कोणाची घेणार?
पेटीवर फक्त एक बाण होता, वर तोंड केलेला,
आणि काचेचा पेला.

नागपूरहून जस्ताचे ठोकळे करून यायचे.
बाबा बोलण्याचा फुगा बारीक करवतीनं कापून
त्या भोकात खिळे बसवायचे.
म्हणून आमचे सगळे फुगे चौकोनी.
शिपाई तिकडं काय बोलत होता देव जाणे,
इकडं तो म्हणायचा,
"काऊन बे, माही टोपी कोंबडीखाली कशी?"
आणि पुलगावच्या गाडीत चिवडेवाला
पंचवीस पैशाला हसू विकायचा.

नवव्या अंकाला बोळे संपले.
मग शेषराव रंगारी बसला.
दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस,
हंस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.
मानेपर्यंत बगळा, खाली गावरान कोंबडी,
असं ते जनावर झालं आणि लोकांना पटलं.
ठोकळ्याचे पैसे चौरस इंचावर,
म्हणून विसाव्यापासून मिशा आखूड.
शहाणे लोक म्हणतात, शैली बदलली.

तान्ह्या पोळ्याचा अंक लाल शाईत काढला.
कागद सरकला. शिपायाच्या नाकाचा लाल
पक्ष्याच्या बुडावर उमटला, सहाशे प्रतींत.
त्याच सगळ्यात आधी संपल्या.
वर्षभर पोरं बाबांना विचारत,
आता कोणाचं लाल होणार?

एक गोष्ट लिहून घ्या.
प्रत्येक शेवटच्या चित्राखाली कोपऱ्यात
बारीक अक्षरांत एक शब्द असायचा.
आम्हाला वाटलं, काढणाऱ्याची सही.
शेषरावनंही तो हुबेहूब उतरवला,
वेलबुट्टी उतरवावी तसा, सगळ्या अंकांत.
इंग्रजीच्या गुरुजींनी वाचला, कॉन्टिनुआ.
मग शाळा सुटली की पोरं एकमेकांना ओरडायची,
कॉन्टिनुआ बे! उद्या ये!
परवा नातवानं फोनमध्ये पाहिलं.
म्हणाला, आजी, याचा अर्थ पुढे चालू.

एकतिसाव्यातही तो आहे.
त्यानंतर शेषराव बल्लारपूरला कागदाच्या गिरणीत गेला,
ट्रेडल किलोवर गेली, बाबा त्याच्या पुढच्या पोळ्याला.
ठोकळे? एक आहे. दाराला लावते, वाऱ्यानं आपटतं म्हणून.
उलटा आहे तो, त्याचा डावा डोळा उजवीकडे.
फोटो काढा, पण जागेवर ठेवा.

बारावा आहे म्हणता तुमच्याकडे? आणलात?
पान तीन उघडा.
पक्ष्याच्या पोटावर पिवळा डाग आहे?
घड्या मीच घालायची, जेवता जेवता.
झुणका आहे तो.
बघू, अंगठा ठेवू द्या.
केवढासा होता.